दोन्ही दुर्बिणी साफ, तरीही रक्त कमी

गेल्या रमजानमध्ये तरावीह पढता पढता आमच्या खालांना चक्कर आली आणि त्या मुसल्ल्यावरच बसल्या. रोजामुळे अशक्तपणा आला असेल, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. आम्हीही. ईदनंतर तपासले तर हिमोग्लोबिन ६.८! दोन बाटल्या रक्त चढवले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, चेहऱ्यावर तजेला आला. आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच.

तोंडावाटे दुर्बीण घालून जठर पाहिले, खालून मोठे आतडे पाहिले. दोन्ही साफ. घरात सुटकेचा श्वास टाकला गेला, पण रक्त जात कुठे होते?

अधूनमधून शौचाला डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे होत असे, हे खालांनी कुणाला सांगितलेच नव्हते. अशी गोष्ट सुनेला सांगायची कशी! लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो हे खरे, पण तो चिकटपणा आणि तो वास त्याला नसतो. शिवाय खालांचा त्रास गोळ्यांच्या आधीपासूनचा होता.

त्या दोन दुर्बिणींच्या मध्ये लहान आतड्याचा काही मीटर लांब भाग न पाहिलेलाच राहतो. पचनमार्गातल्या रक्तस्रावांपैकी शंभरात पाच ते दहा इथले असतात. बहुतेकदा कारण नाजूक, फुगलेल्या रक्तवाहिन्या किंवा वेदनाशामक गोळ्यांनी पडलेले व्रण. गाठ क्वचितच सापडते. मात्र रुग्ण चाळिशीच्या आतला असेल तर तिची शंका आधी घ्यावी लागते. म्हणून रिपोर्ट साफ येऊनही हिमोग्लोबिन उतरतच असेल, तर पोटविकारतज्ज्ञांना सरळ विचारावे: लहान आतड्याचे काय?

खालांना कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला दिली. "यात जिलेटिन नाही ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. डॉक्टर हसले, तिचे कवच प्लास्टिकचे असते आणि ती शौचावाटे बाहेर पडते. (ती पडेपर्यंत एमआरआय करायचा नसतो.) रात्रभर उपाशी राहायला सांगितले, तेव्हा खाला म्हणाल्या, त्याची तर आम्हाला सवयच आहे.

कॅप्सूलला रक्त दिसले, गाठ दिसली नाही. ही गाठ आतड्याच्या भिंतीत जन्मते आणि बरेचदा बाहेरच्या बाजूला वाढते, त्यामुळे वाट अडत नाही, पोटही फारसे दुखत नाही. तिच्यावरचे आतले अस्तर झिजले की रक्त झिरपते, मग थांबते, पुन्हा झिरपते. शेवटी आतड्याच्या खास सीटी स्कॅनमध्ये ती सापडली. ऑपरेशन करून तेवढा तुकडा काढला आणि आतडे जोडले. तपासणीत नाव निघाले 'जिस्ट'. पुन्हा उद्भवण्याचा धोका जास्त असल्याने इमॅटिनिबच्या गोळ्या तीन वर्षे घ्यायच्या आहेत. या औषधाच्या पेटंटचा विदेशी कंपनीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फेटाळला. भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मिळतात म्हणून आमच्यासारख्या घरांना हा उपचार झेपतो.

आता हिमोग्लोबिन ११.९ आहे. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची मुभा सूरह बकरामध्येच आहे, हे खालांना पटवायला मात्र आम्हाला ऑपरेशनपेक्षा जास्त कष्ट पडले. डॉक्टरांनी परवानगी दिली तर सुटलेले रोजे त्या थंडीत धरणार आहेत. दिवस लहान असतात, म्हणाल्या.