अरेंज झालं!

आपल्या कॉलेजात एक शब्द असा आहे की त्याला ना आयकार्ड लागते ना गेटपास. हॉस्टेलच्या बाथरूमपासून ते ऑफिसच्या खिडकीपर्यंत तो सगळीकडे बिनधास्त फिरतो. तो शब्द म्हणजे 'अरेंज'!

"अबे, उद्या सबमिशन आहे, जर्नल अरेंज करून दे ना." "व्हायव्हाले एप्रन पाह्यजे, कोणाचा तरी अरेंज कर." "गॅदरिंगची साउंड सिस्टिम अरेंज झाली का?" "सर, एक एक्स्ट्रा लेक्चर अरेंज करा ना." हॉस्टेलचं पाणी गेलं की उत्तर ठरलेलं, "टँकरची अरेंजमेंट होऊन राह्यली." एक दिवस मी गंमत म्हणून वहीच्या मागच्या पानावर खुणा करत गेलो. रात्री मेस बंद होईपर्यंत तीसच्या वर गेल्या, त्यातल्या सहा-सात माझ्या स्वतःच्याच!

आता जरा नीट पाहा. जर्नल अरेंज करणे म्हणजे दुसऱ्याचं उतरवून काढणे. एप्रन अरेंज करणे म्हणजे मागून आणणे. साउंड सिस्टिम अरेंज करणे म्हणजे भाड्याने आणणे, आणि लेक्चर अरेंज करणे म्हणजे सरांचा रविवार घालवणे! चार वेगळी कामं, चार वेगळ्या किमती, आणि शब्द एकच. माझं भांडण इथून सुरू होते.

हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. त्यात 'रँग' म्हणजे ओळ, रांग. (आपल्या 'रांग'शी आवाज जुळतो, पण नुसत्या आवाजावरून सोयरीक जोडू नये.) चौदाव्या शतकात तो आला तेव्हा त्याचा अर्थ होता सैन्याला लढाईसाठी रांगेत उभं करणं. सामान नीट लावणं, कार्यक्रम ठरवणं हे अर्थ पुष्कळ नंतरचे. म्हणजे मुळात हा शब्द साधासुधा नव्हता. ज्याला रांगेत उभं केलं त्याचा जीव त्यात होता.

आम्हा पुलगावकडच्या माणसांना हे वेगळं सांगावं लागत नाही. देशातल्या मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आमच्या शेजारी आहे. तिथे वस्तू कुठे ठेवायची, कशी रचायची, दोहोंत किती अंतर राखायचं याला शिस्त असते, कारण चूक झाली तर ती खोडरबराने पुसता येत नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटेआधी त्या भांडारात आग लागली. किमान १६ जण गेले. त्यात दोन अधिकारी होते, आग विझवायला धावलेले कर्मचारी होते. आजूबाजूच्या गावांतली माणसं रात्रीच घरं सोडून निघाली. पोराबाळांना उचलून अंधारात वाट फुटेल तिकडे चालणाऱ्या माणसाला विचारा, 'रचणे' आणि 'ठेवणे' या शब्दांना किती वजन असते ते.

मराठीत या कामासाठी शब्दांची काय कमी आहे? एकदा घरी आईच्या मागे मागे फिरून मी ऐकत होतो. ती भांडी लावते, गहू निवडते, खोली आवरते, चूल मांडते. बाबा तुरीची गंजी रचतात. मामा माझ्या ताईसाठी स्थळ पाहतो, मग लग्न जुळवतो, मग कार्यालय ठरवतो. शाळा प्रदर्शन भरवते, मास्तर सहल आखतात. एका 'लावणे' या क्रियापदाचाच पसारा पाहा. दिवा लावतात, रांग लावतात, झाड लावतात, वशिला लावतात आणि पोराला नोकरीलाही लावतात! प्रत्येक शब्दात हाताची वेगळी हालचाल आहे. 'निवडणे' म्हटलं की बोटं दिसतात, 'रचणे' म्हटलं की पाठ दुखते. 'अरेंज' म्हटलं की काहीच दिसत नाही, काहीच दुखत नाही.

इथे कोणी म्हणेल, "झालं, आला मराठीचा कैवारी!" नाही मित्रांनो. मी भाषाशुद्धीचा झेंडा घेऊन उभा नाही. इंजिनिअरिंगच्या पोरानं इंग्रजी शब्द टाळायचे ठरवले तर त्याला पहिल्या सेमिस्टरलाच मौनव्रत घ्यावं लागेल. शिवाय आपण तरी कुठे सोवळे आहोत? 'बंदोबस्त' हा आपला रोजचा शब्द फारसीतून आला, अक्षरशः अर्थ 'बांधणं आणि आवळणं'. गंमत म्हणजे इथल्या साहेबांना व्यवस्थेसाठी स्वतःचा 'अरेंज' पुरला नाही, त्यांनी 'बंदोबस्त' उचलला. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात तो इंग्रजी धाटणीत नोंदलेला आहे. तेव्हा शब्द इकडून तिकडे जाणारच. शब्द कुठून आला हा माझा प्रश्नच नाही. तो आपल्याकडून काय लपवून घेतो, हा प्रश्न आहे.

लपवतो तो माणूस. 'अरेंज' मराठीत आला की त्याला 'करणे' किंवा 'होणे' जोडावं लागते. 'करणे' लावलं तर निदान कोणीतरी करणारा असतो. 'होणे' लावलं की तोही गायब. खुर्च्या अरेंज झाल्या. कोणी उचलल्या? फर्स्ट इयरच्या पोरांनी आणि मेसच्या काकांनी, दुपारच्या उन्हात, चारशे खुर्च्या. अहवालात काय छापून येते? 'उत्तम आसनव्यवस्था करण्यात आली होती.' म्हणजे पाहा, अस्सल मराठी 'करण्यात आली'सुद्धा तेच पाप करते. दोष इंग्रजीचा एकटीचा नाही, हे कबूल केलं पाहिजे.

'अरेंज मॅरेज'चंही तसंच. पूर्वी नुसतं 'लग्न' होतं. लव्ह मॅरेज आलं तेव्हा जुन्या लग्नाला वेगळं नाव द्यावं लागलं. पण अरेंज कोणी केलं, कोणाला विचारून केलं, पोरीचं मत घेतलं की नाही, हे त्या दोन शब्दांत कुठेच नाही.

आपल्या गणितात हे चालून जाते. पाच जणांना एका रांगेत १२० प्रकारे अरेंज करता येते. त्यातला कोण उन्हात उभा राहील याच्याशी सूत्राला देणंघेणं नाही. पण प्रोग्रामिंगमध्ये? काँप्युटरला नुसतं 'हे आकडे अरेंज कर' असं सांगून पाहा. बबल सॉर्टमध्ये पाच आकडे लावायला जास्तीत जास्त १० तुलना लागतात, आणि तुलना कशी करायची, अदलाबदल कधी करायची हे आधी कोणीतरी लिहून दिलेलं असावं लागते. मशिनला आपण सगळ्या पायऱ्या सांगतो. माणसाला मात्र म्हणतो, "बघ ना यार, अरेंज कर काहीतरी."

आता जे सांगायचं होतं ते सांगतो. मागच्या वर्षी जानेवारीत फी भरायची शेवटची तारीख जवळ आली होती. मी पीसीओवाल्या काळातला नाही, मोबाइल हातात होता, पण घरी फोन लावायला दोन दिवस घेतले. 'बाबा, पैसे द्या' म्हणणं जिवावर आलं होतं. शेवटी म्हटलं, "बाबा, फीचं अरेंज करा ना." कसं छान वाटलं! मागितल्यासारखं वाटलंच नाही. ऑफिसातल्या साहेबानं बाबूला काम सांगावं तसं वाटलं. चौथ्या दिवशी बाबांचा फोन आला, "फीचं अरेंज झालं बाबू. तू पेपरकडे ध्यान दे."

मी फी भरली. मित्रांना चहा पाजला.

संक्रांतीला घरी गेलो तर पुढच्या खोलीतला कापूस नव्हता. एरवी त्या दिवसांत त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. लहानपणी आम्ही त्या ढिगावर उड्या मारायचो. मी आईला विचारलं, "कापूस कुठं गेला?" ती तीळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडीवाल्याले देला." म्हणजे खेडा खरेदी. व्यापारी दारात गाडी आणतो, काटा त्याचा, भाव त्याचा, पैसा रोख. थोडे दिवस थांबून मार्केटला नेला असता तर दोन पैसे जास्त आले असते, पण फीची तारीख थांबणार नव्हती. उरलेले मामाकडून उसने आणले होते. आणि आईच्या गळ्यात काळी पोत तेवढी होती, सोन्याचे मणी नव्हते. त्याबद्दल मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

विकला, उसने आणले, गहाण ठेवले. तीन क्रियापदं. फोनवर त्यांचं मिळून झालं होतं 'अरेंज'.

बाबांना मी दोष देत नाही. त्यांनी खरे शब्द वापरले असते तर मी तो पेपर देऊ शकलो नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो शब्द पांघरुणासारखा माझ्यावर घातला. पण एक गोष्ट अजून सलते. बाबा सातवी शिकले. हा शब्द त्यांच्या शाळेतला नाही, बाजारातला नाही, शेतातला तर नाहीच. तो मी त्यांना दिला होता, फोनवर, मागायची लाज वाटत होती म्हणून.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. जर्नल, एप्रन, साउंड सिस्टिम खुशाल अरेंज करा, कोणाचं काही बिघडत नाही. पण जिथे दुसऱ्याचा घाम, पैसा किंवा मर्जी खर्च होते, तिथे खरं क्रियापद वापरा. मागायचं असेल तर 'मागतो' म्हणा. खुर्च्या कोणी उचलल्या हे या वर्षीच्या गॅदरिंगच्या अहवालात नावानिशी लिहा. मेसच्या काकांचं नाव छापायला दोन ओळी जास्त लागतील, लागू द्या. टँकर कधी येणार ते वॉर्डन सरांनी बोर्डावर लिहावं, 'अरेंजमेंट' लिहू नये. आणि कोणी म्हणालं 'अरेंज झालं', तर एकदा विचारा, "कसं जमवलं?"

परवा घरी फोन केला. जीभ सवयीनं 'अरेंज'वर गेली होती, ती मागे घेतली. म्हटलं, "बाबा, मेसचे पैसे पाह्यजे होते. कुठून देसाल?"

पलीकडे थोडा वेळ आवाज नव्हता. मग बाबा म्हणाले, "सोयाबीनचे चार पोते हायेत घरात. दोन विकतो अन् पाठवतो. दोन राहू देतो, भाव वाढला तर पाहू."

मी म्हटलं, "मी सुटीत येतो तेव्हा आपण दोघं जाऊ मार्केटले. तोवर मेसवाल्या काकांना मी सांगतो." काकांना सांगितलं, ते थांबले.