लवंग त्यांची, कुलूप सरकारचे



जेवणानंतर विडा बांधताना आपण त्याला लवंग टोचतो. ती कुठल्या शेतकऱ्याच्या झाडावरची, हे कुणी विचारत नाही. मीही कधी विचारले नव्हते. पण कापूस एकाधिकाराचे जुने कागद चाळत असताना इंडोनेशियातल्या लवंगेची हकीकत वाचनात आली आणि वाटले, ही तर आपलीच गोष्ट आहे, फक्त बोंडाच्या जागी कळी.

लवंगेचे मूळ घर इंडोनेशियाच्या पूर्वेला, मालुकू बेटांवर. तर्नाते आणि तिदोर ही त्यातली नामांकित बेटे. पुढे सुलावेसीच्या उत्तर टोकाला, मिनाहासाच्या डोंगरातही तिची मोठी लागवड झाली. तिथले गाव म्हणजे डोंगराचा उतार आणि पायथ्याशी समुद्र. बेटावरच्या कितीतरी गावांना मोठी बाजारपेठ गाठायची तर होडीशिवाय गत्यंतर नाही. झाड तिमजली-चौमजली घराएवढे वाढते. कळी उमलायच्या आत खुडावी लागते, उमलली की मोल गेले. म्हणून बांबूच्या शिडीवर चढून, दोराने स्वतःला बांधून घेऊन खुडणी करायची. पडून हाडे मोडणारे असतात, जीव गमावणारेही असतात. खुडलेल्या घोसातून देठ वेगळे करण्याचे काम बायकापोरांचे. मग चटईवर चार-पाच दिवस ऊन द्यायचे. तेवढ्यात पाऊस आला तर मालाची प्रत गेली. तीन किलो ओली कळी सुकली की जेमतेम एक किलो लवंग हाती येते.

पहिले पीक यायला सहा-सात वर्षे लागतात. आणि एक वर्ष झाड लगडले की पुढची एक-दोन वर्षे रिकामी जातात. कपाशी पडली तर आपण पुढच्या वर्षी तूर पेरतो. लवंगवाल्याला तीही सोय नाही. मालुकूत मूल जन्मले की त्याच्या नावाने लवंगेचे रोप लावण्याची रीत सांगतात. अशा पिकाचा भाव पडला तर माणसाने करायचे काय?

या झाडावर पहिली कुऱ्हाड चालवली ती डच कंपनीने. सतराव्या शतकात कंपनीने ठरवले, लवंग पिकेल ती फक्त अंबोन आणि आसपासच्या बेटांवर, म्हणजे भाव आपल्या मुठीत राहील. बाकीच्या बेटांवर हत्यारबंद होड्यांचे तांडे पाठवून झाडे तोडवली. ज्यांची उपजीविका तोडली त्यांना कुणी विचारले नाही. हे परक्यांचे राज्य होते, असे म्हणून आपण पुढे जाऊ. पण स्वतःचे राज्य आल्यावर काय झाले ते बघा.

इंडोनेशियातली बहुतेक लवंग मसाल्यात जात नाही, तिथल्याच लवंगी सिगारेटमध्ये, क्रेटेकमध्ये जाते. 1990 च्या सुमारास अध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने लवंगेची खरेदी-विक्री एका मंडळाच्या हाती दिली. मंडळाचे प्रमुख कोण? अध्यक्षांचा धाकटा मुलगा टॉमी. पैसा कुणाचा? सरकारी बँकेचे सवलतीचे कर्ज. कारण काय सांगितले? शेतकऱ्याला स्थिर भाव मिळावा, व्यापाऱ्यांच्या तावडीतून त्याची सुटका व्हावी. ऐकल्यासारखे वाटते ना?

शेतकऱ्याने माल गावच्या सहकारी संस्थेला घालायचा, संस्थेने मंडळाला. जाहीर झालेल्या भावातून सक्तीची बचत म्हणून कपात व्हायची आणि हातात पडायचे ते त्याहून बरेच कमी. सिगारेट कारखान्यांनी मात्र स्वतःजवळचा साठा वापरायला काढला. मंडळाची गोदामे भरली, कर्ज तुंबले. तेव्हा 1992 साली प्रमुखांनी उपाय सुचवला, शेतकऱ्यांनी निम्मी झाडे तोडावीत. डच कंपनीने होड्या तरी पाठवल्या होत्या. इथे कुऱ्हाडही शेतकऱ्याचीच! खुडणीची मजुरी निघेना म्हणून लोकांनी बागांकडे पाठ फिरवली. कुणी झाडे तोडली, कुणी ती तशीच मरू दिली.

आपल्याकडे कापूस एकाधिकार 1972 साली सुरू झाला तोही शेतकऱ्याच्या कल्याणाच्या नावाने. भांडवल निधीची कपात आपण सोसली आहे. शेजारच्या राज्यात भाव जास्त असताना सीमेवर पोलिसांनी बैलगाड्या अडवलेल्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना मिनाहासाची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

ते मंडळ मोडले 1998 साली. देश आर्थिक संकटात बुडाला, जानेवारीत नाणेनिधीच्या अटींवर सुहार्तोंनी सही केली. त्या अटींत लवंगेची मक्तेदारी मोडण्याची अटही होती. मे महिन्यात सुहार्तोंचीच खुर्ची गेली. शेतकऱ्याची बेडी तुटली ती परक्या सावकाराच्या कागदाने, हे मला आजही बोचते. कापलेले पैसे परत मिळावेत म्हणून शेतकऱ्यांना पुढे कितीतरी वर्षे मागणी करत राहावे लागले.

भाव मात्र चढला, कित्येक पटींनी चढला. ज्यांनी झाडे राखली त्यांनी घरे बांधली, पोरे शिकवली. ज्यांनी तोडली ते बघत राहिले. मालुकूत 1999 पासून दंगली पेटल्या आणि लाखो लोक गावे सोडून पळाले. त्यांना चांगल्या भावाचा उपयोग काय?

इथे आपल्याच मंडळींना चार शब्द सुनावतो. कुलूप निघाले की सगळे ठीक होईल, असे आपण सभांतून सांगत आलो. तिथे कुलूप निघाले, तरी बेटावर येणारा व्यापारी एखाद-दुसराच. घरात अडचण असली की त्याच्याकडून उचल घ्यायची आणि माल झाडावर असतानाच त्याच्या नावावर करायचा. याला तिकडे ‘इजोन’ म्हणतात. जावा भाषेत ‘इजो’ म्हणजे हिरवे. कोकणातली कलमे मोहरावरच मक्त्याने जातात, तोच प्रकार. मोकळा बाजार हवाच. पण उचल न घेता महिनाभर थांबण्याची ऐपत नसेल तर तो बाजार व्यापाऱ्यापुरताच मोकळा.

तिथले सरकार 2015 पासून गावांना थेट निधी देते. सुमारे 75,000 गावे आहेत. त्यातून रस्ते झाले, पूल झाले, ही चांगली गोष्ट आहे. त्याच रस्त्याने तरुण पोरे शहराला निघून जातात. अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन कसणाऱ्याला तिकडच्या सरकारी भाषेत ‘गुरेम’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ, कोंबडीच्या अंगावरचा बारीक किडा! अशी कुटुंबे 2013 च्या शेती गणनेत सुमारे 1 कोटी 42 लाख होती, 2023 मध्ये ती सुमारे 1 कोटी 69 लाख झाली. अशा घरातले पोर शिडीवर कशाला चढेल?

आणि सरकारची सवय गेली म्हणावे तर तेही नाही. 28 एप्रिल 2022 रोजी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, का तर शहरात खाद्यतेल महागले. पामचा घड तोडला की एक-दोन दिवसांत गिरणीत जावा लागतो. गिरण्यांच्या टाक्या भरल्या, घड कुणी घेईना. 17 मे रोजी लहान शेतकरी राजधानी जाकार्तात रस्त्यावर आले, 23 मे रोजी बंदी उठली. त्या पामतेलाचे मोठे गिऱ्हाईक आपलाच देश. ते तेल स्वस्त आले की आपले सोयाबीन पडते, म्हणून आपण त्या शेतकऱ्याला वैरी समजतो. पण दीड वर्षाने, 8 डिसेंबर 2023 रोजी आपल्या कांद्याची निर्यात बंद झाली ती अगदी त्याच कारणाने, आणि मे 2024 पर्यंत बंद राहिली. तिकडे तीन-साडेतीन आठवडे, इकडे जवळजवळ पाच महिने.

जिल्हा बैठकीपुढे निर्यातबंदीविरोधी ठराव दरवेळी येतो आणि टाळ्यांत मंजूर होतो. या वेळी त्यात एक ओळ वाढवावी अशी माझी सूचना आहे. ज्या दिवशी सरकार निर्यात बंद करील, त्याच्या आदल्या दिवसाचा बाजारभाव आणि बंदीच्या काळात शेतकऱ्याला मिळालेला भाव यांतला फरक सरकारने बाजार समितीच्या पावतीवर रोख भरावा. पावत्या मात्र जपून ठेवा. मागच्या वेळी आमच्या गावात निम्म्या लोकांकडे त्या नव्हत्या.