झेंडीमागची पायपीट

ज्या वाटेवर चुकायचे म्हटले तरी चुकता येत नाही, त्या वाटेवर वाट दाखवणारा माणूस पैसे मोजून कशाला घ्यायचा, असा माझा साधा सवाल आहे. जपानातल्या किसो खोऱ्यात मागोमे ते त्सुमागो अशी आठेक किलोमीटरची डोंगरवाट आहे. एदो (म्हणजे आजचे टोकियो) आणि क्योतो यांना जोडणाऱ्या नाकासेन्दो या जुन्या हमरस्त्याचा हा तुकडा. सबंध रस्ता पाचशेहून अधिक किलोमीटरचा, त्यावर ६९ मुक्काम. या तुकड्यावर जागोजागी पाट्या आहेत, इंग्रजीतसुद्धा. सामानाचे म्हणाल, तर ते पैसे भरून पुढच्या गावी धाडायची सोय आहे. तरीही आमच्या टूरवाल्यांनी आम्हा बावीस जणांच्या पुढे एक झेंडी दिली, आणि झेंडीखाली एक गाइड.

गाइड बिचारा सज्जन. माझे भांडण त्याच्याशी नाही, झेंडीशी आहे. झेंडी चालू लागली की माणूस पुढच्याच्या टाचा बघत चालतो. मागोमेत शिमाझाकी तोसोन हा थोर लेखक १८७२ साली जन्मला. याच रस्त्यावरच्या माणसांवर त्याने मोठी कादंबरी लिहिली. त्याच्या घराच्या जागी आता स्मारक आहे. गाइड म्हणाला, "पाच मिनिटे!" ती पाचही मिनिटे आमच्या मंडळींनी, शेजारी काठीला लावून भाजत असलेले भाताचे गोळे 'प्युअर व्हेज' आहेत का, याच्या चौकशीत घालवली.

पुढे रानात अस्वलांसाठी घंटा टांगल्या आहेत. म्हणजे त्या वाटसरूने वाजवायच्या आणि अस्वलांनी समजून बाजूला व्हायचे. एकट्याला दोन टोल पुरेत. आमच्यातल्या बावीसच्या बावीस जणांनी, देवळात शिरल्यासारखी, प्रत्येक घंटा वाजवली. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी तर हातही जोडले. अस्वले गेलीच असतील. पाखरेसुद्धा गप्प झाली.

आठशेक मीटर उंचीची खिंड ओलांडली की झाडीत एक जुने विसाव्याचे घर लागते. आत चूल पेटलेली, धुराने काळवंडलेली तुळई, आणि येईल त्याला चहा. किंमत नाही; वाटल्यास खुशीने काही ठेवा. असल्या ठिकाणी माणसाने तास-दीड तास नुसते बसावे की नाही? आम्हाला दहा मिनिटे! माझा पेला ओठांना लागतोय तोच झेंडी उठली.

कुणी म्हणेल, आपल्या वारीत नसते का पताका? असते. पण ती कुणाच्या चहाच्या पेल्यावर "चला, आटपा" म्हणून फडकत नाही. खरे तर या रस्त्यावर झेंड्यामागे चालायची पाळी पूर्वी सरदारांच्या लवाजम्यावर यायची, कारण शोगुनाचा हुकूमच तसा. १८६१ साली सम्राटाची बहीण काझुनोमिया शोगुनाशी लग्न करायला याच वाटेने प्रचंड मिरवणुकीतून गेली. तिलाही बिचारीला कुणी विचारले नव्हते. साधा वाटसरू मात्र आपल्या पायाने चालायचा आणि आपल्या भुकेला थांबायचा. आम्ही पदरचे पैसे भरून सरदाराचे हमाल झालो!

आणि मला राग येतो तो त्सुमागोसाठी. आगगाडी आली, १९११ साली हा लोहमार्ग पुरा झाला, आणि गावावरून जाणारे पाय थांबले. गाव मोडकळीला आले. तेव्हा कुणीही ते विकून मोकळे झाले असते. या लोकांनी पडकी घरे डागडुजी करून उभी केली आणि १९७१ साली सर्वांनी मिळून ठरवले: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, मोडायचे नाही. १९७६ साली सरकारनेही त्याला संरक्षण दिले. विजेच्या तारा नजरेआड केल्या, दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारींना बंदी केली. एवढा खटाटोप कशासाठी? तर कुणीतरी चालत यावे आणि सावकाश बघावे म्हणून. त्या गावात आम्ही साडेतीनला शिरलो आणि चार वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडलो, कारण बस उभी होती.

बस सुरू झाल्यावर काकांनी पुढे वाकून विचारले, "काय हो, ते जुने गाव यायचेय ना अजून?"