एजंट नव्हे, हा तर मुकादमच!

तीर्थपुरीच्या बाजारात आता ऊसतोडीच्या उचलीबरोबर आखातातल्या नोकरीचीही बोली होऊ लागली आहे. कोयत्याला कंटाळलेला, नववीत शाळा सुटलेला आमचा तरुण 'वर्क परमिट' हा शब्द सहज बोलतो. त्याने जाऊ नये, असे आम्ही म्हणणार नाही. गाव सोडा म्हणणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना ते शोभणारही नाही. प्रश्न एवढाच की, तो कोणत्या कागदावर जातो?

या भागातील एक कुटुंब आमच्याकडे आले. शेळ्या विकून, व्याजाने पैसे काढून त्यांनी एजंटाला दीड लाख रुपये दिले. पावती नाही. मुलाच्या हाती पडला व्हिजिट व्हिसा. 'परमिट तिकडे गेल्यावर होते,' असे एजंट म्हणाला. ते झाले नाही. मजुरी बुडाली आणि तक्रारही करता येईना, कारण पाहुण्याच्या व्हिसावर काम करणारा हा मुलगाच तिथे गुन्हेगार! तीन महिन्यांनी तो रिकाम्या हाताने परतला.

1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय कोणालाही परदेशी नोकरीसाठी भरती करता येत नाही. दहावी न झालेल्याला ईसीआर पासपोर्ट मिळतो आणि 18 देशांत कामाला जाण्यापूर्वी त्याला सरकारची मंजुरी घ्यावी लागते. एजंट हिला कटकट म्हणतो. पण याच टप्प्यावर मालक, पगार आणि करारनामा तपासला जातो, 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमा उतरवावा लागतो. व्हिजिट व्हिसाची पळवाट याच तपासणीला चुकवण्यासाठी असते. नोंदणीकृत एजंटालाही 30 हजार रुपये आणि त्यावरील जीएसटीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पावती द्यावीच लागते.

गुन्ह्याला शिक्षा काय? कलम 24 प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड फार तर 2 हजार रुपये! दीड लाख घेणाऱ्याला दोन हजारांची भीती कसली? खटल्याला केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते, हे ऐकून माणसे ठाण्यातूनच परत फिरतात. मात्र कलम 27 चे परंतुक त्यांना कोणी वाचून दाखवत नाही. फसलेला मजूर स्वतः, किंवा त्याच्या वतीने आई, वडील, पत्नी, भाऊ, बहीण यांनी तक्रार केली तर ही मंजुरी लागत नाही. तसेच पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. आखातातला मालक तो पेटीत ठेवतो, तेव्हा आपल्या दूतावासाने गप्प का बसावे?

12 जून 2024 रोजी कुवेतमधील मंगाफ येथे मजुरांची इमारत जळाली आणि 45 भारतीय मेले. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. करार चांगलाच आहे. पण सरकारी दार उघडते ते शिकलेल्या, भाषा येणाऱ्या हातांसाठी. टोळीतल्या पोराच्या वाट्याला एजंटच.

ऑक्टोबर 2025 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जुन्या कायद्याच्या जागी नव्या विधेयकाचा मसुदा मांडला. दंडाची रक्कम वाढवाच; पण मंजुरी आणि तक्रारीची खिडकी मुंबईतून जालन्यात आणा, ही आमची मागणी आहे. आणि तरुणांनो, एक रुपया देण्यापूर्वी एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा, तो ई-मायग्रेटवर तपासा.

त्या मुलाची तक्रार आता आईच्या नावाने तयार झाली आहे. पावती नसल्यामुळे, पैसे दिल्याचा साक्षीदार म्हणून बहुधा व्याजाने पैसे देणाऱ्या सावकारालाच बोलवावे लागेल.