सुनेच्या ताटात काय आहे?

“अंगावर मांस नाही, पोट सुटलेले नाही, गोडाची आवड नाही, मग याला साखर कशी झाली?” हा प्रश्न आपल्या वस्त्यांतून वारंवार ऐकू येतो. बांधकामावर, हमालीत, सफाईत राबून झिजलेला चाळिशीचा माणूस दवाखान्यात जातो आणि मधुमेहाचा कागद घेऊन परत येतो. शेजारीपाजारी चहाला दोष देतात, कोणी नशिबाला देतो. उत्तराचा एक मोठा भाग मात्र तो आईच्या पोटात होता त्या नऊ महिन्यांत दडलेला असतो. हे म्हणण्याला पुरावा आहे, आणि त्यातला महत्त्वाचा पुरावा आपल्याच पुणे जिल्ह्यातला आहे.

पहिली खूण सापडली ती इंग्लंडच्या हर्टफर्डशायर जिल्ह्यात. तिथे १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखाली परिचारिका घरोघरी जाऊन बाळाचे जन्माचे आणि वर्ष भरल्यावरचे वजन वहीत नोंदवून ठेवत. पुढे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या शोधून काढल्या आणि त्यातल्या बाळांचे मोठेपणी काय झाले याचा माग काढला. १९८९ साली त्यांनी दाखवून दिले की जन्मतः आणि पहिल्या वर्षी ज्या मुलग्यांचे वजन कमी होते, तेच मोठेपणी हृदयविकाराने जास्त मेले.

असे का व्हावे? हातात पैसे थोडे असले की आई आधी पीठमीठ आणते, चप्पल पुढच्या महिन्यावर ढकलते. पोटातले बाळही तसेच करते. अन्न कमी पडले की ते आधी मेंदूला पुरवते आणि स्नायू, मूत्रपिंड, स्वादुपिंड यांच्यावर काटकसर करते. फरक एवढाच, की चप्पल पुढे घेता येते. मूत्रपिंडाची जी बांधणी पोटात राहून गेली, ती जन्मानंतर भरून निघत नाही.

आता पुण्याकडे येऊ. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या शेतकरी-कष्टकरी बायांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवली. या बायांचे सरासरी वजन होते सुमारे ४२ किलो. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची जन्मली. इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधली बाळे होती ३.५ किलोची. आपली बाळे लहान, यात नवल नव्हते. नवल पुढेच आहे. दंड बारीक, स्नायू कमी. पण कातडीखालची चरबी मात्र जवळपास पुरी! बाळ दिसायला रोडके आणि आतून चरबीचे. डॉ. याज्ञिक यांनी २००४ साली हीच गोष्ट स्वतःच्या शरीरावरून दाखवली. लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि ते, दोघांचेही उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. तेव्हा वजनकाट्यावर फार विसंबू नका.

त्या सहा गावांतली मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. अंगाने सडपातळच होती. तरीही मुलग्यांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के जणांची साखर मर्यादेबाहेर गेलेली आढळली.

बुद्धीचे काय? त्या गावांतल्या दोनतृतीयांशाच्या आसपास गरोदर बायांच्या रक्तात ‘बी-१२’ हे जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते फारच कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी लक्ष टिकवण्याच्या आणि ऐकलेले लगेच सांगण्याच्या चाचण्यांत मागे पडली. पुढे याच अभ्यासातल्या मुलामुलींना वयात आल्यावर, लग्न-बाळंतपणाच्या आधीपासून, बी-१२ च्या गोळ्या देऊन पाहिल्या. त्या मुलींच्या बाळांची दुसऱ्या वर्षीची समज आणि बोली इतर बाळांपेक्षा सरस निघाली. बाळे थोडीच तपासली गेली, म्हणून हा शेवटचा शब्द नव्हे; पण दिशा स्पष्ट आहे.

बी-१२ भाजीपाल्यात नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असते. आपली बहुतेक घरे मांसाहाराला नाही म्हणत नाहीत, ही जमेची बाजू. पण रविवारच्या हंडीतले तुकडे कोणाच्या ताटात पडतात? कर्त्या पुरुषाच्या, मग मुलग्याच्या. सून शेवटी जेवते, तिला रस्सा उरतो. त्यात “जास्त खाल्लेस तर बाळ मोठे होईल, अडेल” हा जुन्या बायांचा धाक. याच पुण्याच्या अभ्यासात ज्या बायांनी पालेभाजी, फळे, दूध जास्त वेळा घेतले त्यांची बाळे वजनदार जन्मली, आणि ज्यांनी शेतात-घरात कष्टाची कामे जास्त उपसली त्यांची हलकी. म्हणजे मेथी-चाकवताची जुडी, पेरू-केळे, अर्धा लिटर दूध आणि पाण्याचा हंडा दुसऱ्या कोणी उचलणे, एवढ्यावर गोष्ट येते. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोह-फॉलिकच्या गोळ्या सोडू नयेतच. त्यांच्या जोडीला बी-१२ ची विचारणा डॉक्टरांकडे जरूर करावी.

यात आईला आरोपी करण्याचे काही कारण नाही. ४२ किलोची बाई स्वतःहून ४२ किलोची राहिलेली नसते. डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाळंतपणाआधीची आणि नंतरची विश्रांती हे राष्ट्राचे हित म्हटले होते. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. आज पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये मिळतात. ते सुनेच्या खात्यावर येतात. ते तिच्याच खाण्यावर खर्च होतात का, हे घरच्यांनीच पाहायचे.

पोटातले नऊ महिने संपले म्हणजे सारे ठरले, असेही नाही. म्हातारपणी होणाऱ्या विस्मरणाच्या रोगाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे तज्ज्ञांच्या ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ साली मांडली. त्यात लहानपणी कमी झालेले शिक्षण हे एक आहे. चौथीतून काढून मुलीला धाकट्या भावंडांपाशी बसवणे तिला सत्तरीतही भोवू शकते.

आणि ज्यांचा जन्म होऊन गेला त्यांनी? आपले जन्मवजन आईला, मावशीला विचारा. आकडा आठवत नसला तरी “मुठीएवढा होतास” एवढे तरी त्या सांगतीलच. तसे असेल तर अंगाने सडपातळ असलात तरी तिशीपासून वर्षातून एकदा उपाशीपोटी रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. सकाळी काही न खाता जा, चहासुद्धा नको.