सोन्याचा कण आणि सोन्याची खाण

२०२२ सालच्या अखेरीस मुंबईत खाण उद्योगाविषयी एक परिषद झाली. तीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत सोन्याचे साठे असल्याचे सांगितले. तेव्हापासून विदर्भातील सराफ्यात हा विषय अधूनमधून निघतो. कुणी तिकडच्या जमिनीचे भाव विचारतो, कुणी कोणत्या कंपनीचे समभाग घ्यावेत याची चौकशी करतो, तर कुणाच्या नातलगाने जंगलातल्या नाल्यातून चकचकीत खडा उचलून आणलेला असतो. सोने पारखण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांनी सोने दगडात कसे वसते हेही एकदा समजून घ्यावे, म्हणून यावेळचा लेख या विषयावर.

प्रथम भूमी पाहू. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाखाली एकच एक खडक नाही. तळाशी अडीच अब्ज वर्षांहून जुने ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म आहेत. त्यांच्या सोबतीने एटापल्लीकडे सुरजागडचे लोहखनिज उभे आहे. उत्तरेला नागपूर-भंडाऱ्याकडून साकोली समूहाचे खडक येतात. ते मुळात चिखलगाळाचे थर होते. उष्णता आणि दाब यांनी त्यांचे पत्रीदार खडक झाले आणि त्यांत ज्वालामुखीचे पदार्थही मिसळले. पश्चिमेला राजुरा-कोरपन्याकडे जुना चुनखडक आहे. भूवैज्ञानिक त्याला चांद्याच्याच नावाने ओळखतात आणि त्याच्याच बळावर गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीचे सिमेंट कारखाने चालतात. त्याहून पुष्कळ अलीकडचा वर्धा खोऱ्यातला कोळसा. म्हणजे गाळाचे खडक या प्रदेशात मुबलक आहेत. प्रश्न एवढाच की, गाळात सोने येते कसे?

पहिला मार्ग सर्वांना ठाऊक असलेला, नदीचा. डोंगरातल्या गारगोटीच्या शिरांत सोन्याचे कण असतात. पावसापाण्याने दगड झिजतो, कण सुटतो आणि वाहू लागतो. गारगोटीचा कण पाण्याच्या २.६५ पट जड, शुद्ध सोन्याचा १९.३ पट. प्रवाह मंदावला की जड कण आधी बसतो, हलका पुढे जातो. वैनगंगेच्या खोऱ्यात सोनझरी समाजाची माणसे लाकडी परातीत वाळू धुऊन हेच कण वेचीत आली. त्यांचेच भाऊबंद म्हणावेत असे झारेकरी सराफ्यातल्या दुकानांपुढची धूळ आणि मोरीतला गाळ विकत घेत. दोघांचा धंदा एकाच नियमावर चालतो: पाणी हलके ते नेते, जड ते ठेवते. वैरागडचे हिरेही असेच खडेमातीत सापडत. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या या गावाच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त केली आहे. हिरा सोन्याइतका जड नाही, पण झिजत नाही म्हणून टिकतो.

येथे एक गोष्ट सराफांना रुचेल. खडकातले सोने कधीच शंभर नंबरी नसते. त्यात चांदी मिसळलेली असते, कधी थोडी, कधी पाव हिश्श्याहूनही अधिक. कण नदीत पडला की त्याच्या पृष्ठभागावरची चांदी पाण्यात हळूहळू विरघळते आणि कडेला अधिक शुद्ध सोन्याचा पापुद्रा राहतो. त्यामुळे नदीच्या सोन्याचा टंच बहुधा त्याच्या मूळ शिरेतल्या सोन्याहून सरस निघतो. चांदीला मात्र नदी मानवत नाही. ती रसायनांपुढे टिकत नाही, म्हणून वाळू धुऊन चांदी मिळवणारा समाज सहसा कुठे आढळत नाही.

नदीचे सोने डोळ्यांना दिसते. गाळाच्या खडकातील सोन्याचा दुसरा प्रकार असा की, त्यात सोने दिसतच नाही. अमेरिकेतील नेवाडा राज्यात कार्लिन गावाजवळ १९६१ साली भूवैज्ञानिकांना चुनखडकात सोने सापडले आणि १९६५ साली तेथे खाण सुरू झाली. त्याआधी कित्येक पिढ्यांनी त्या भागात परात घेऊन वाळू धुतली होती. त्यांच्या परातीत हे सोने उतरले नाही, कारण त्याचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान होते.

हे घडले कसे, ते पाहण्याजोगे आहे. जमिनीच्या खोलातून उष्ण पाणी भेगांवाटे वर आले. त्यात गंधकाच्या संयुगाशी बांधलेले सोने विरघळलेले होते. हे आम्लधर्मी पाणी मातकट चुनखडकात शिरले, तेव्हा चुना विरघळला आणि खडकातले लोह मोकळे झाले. लोह भेटताच गंधकाने सोन्याची साथ सोडली आणि लोहाशी संग करून माक्षिक बनले. निराधार झालेले सोने त्या माक्षिकाच्याच अंगात, कडेच्या थरात, आर्सेनिकसह अडकले. विरघळलेल्या चुन्याची जागा गारेने घेतली. पाणी निवत गेले तशी शेवटी काही खनिजे भेगांत साचली, आणि त्यांची नावे जुन्या काष्ठौषधीच्या दुकानदाराला नवी नाहीत: हरताळ, मनशीळ, सुरमा, हिंगूळ. पोथीतले चुकीचे अक्षर झाकण्यासाठी लेखक जो पिवळा हरताळ फासत, तोच हा. आज गाळाच्या खडकात सोने शोधणारे आधी सोने शोधत नाहीत. ते माती, नाल्याचा गाळ आणि खडक यांत आर्सेनिक, अँटिमनी, पारा यांचे प्रमाण मोजतात. ते जेथे एकत्र वाढलेले आढळते तेथे पुढचे काम सुरू होते.

आता नाल्यातल्या त्या चकचकीत खड्याकडे वळू. बहुतेक वेळा तो अभ्रक असतो, नाहीतर लोह-गंधकाचे माक्षिक. आपल्या रसशास्त्राने त्याचे दोन भेद केले, स्वर्णमाक्षिक आणि रौप्यमाक्षिक. नावातच सावधगिरीची सूचना आहे. परीक्षा सोपी आहे. हातोडीखाली सोने पसरते, माक्षिक फुटते. कसोटीवर सोन्याची रेघ पिवळी उमटते, माक्षिकाची काळपट. पण गंमत अशी की, कार्लिनसारख्या ठिकाणी खरे सोने याच खोट्या सोन्याच्या पोटात असते. तेथे कसोटी उपयोगी नाही, तेजाबही नाही आणि परातही नाही. नमुना दळून तो शिशाच्या भस्मासह मुशीत वितळवावा लागतो. खाली बसणारे शिसे सोने-चांदी वेचून घेते, मग भट्टीत शिसे जाळले की धातूचा इवलासा मणी उरतो, आणि तो तेजाबात टाकला की चांदी विरघळून सोने राहते. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा आजही हीच रीत वापरतात. जुन्या टांकसाळीतल्या पारख्याला ती दाखवली असती तर त्याला फारसे समजावून सांगावे लागले नसते.

टांकसाळीचा विषय निघाला म्हणून ठक्कर फेरू यांचे स्मरण करणे योग्य ठरेल. श्रीमाल कुळातील हे जैन श्रावक दिल्लीच्या खिलजी दरबारात खजिना व टांकसाळीशी संबंधित अधिकारी होते. १३१५ साली त्यांनी रत्नपरीक्षेवर आणि १३१८ साली ‘द्रव्यपरीक्षा’ हा नाण्यांतील सोन्या-चांदीच्या प्रमाणावर ग्रंथ लिहिला. आपल्याकडे नाण्यांच्या कसावर इतके तपशीलवार लिहिणारे फार थोडे झाले.

मग चांद्याच्या चुनखडकात कार्लिनसारखे सोने असेल काय? चुनखडक आहे एवढ्यावरून होकार देता येत नाही. कार्लिनला चुनखडकाबरोबर खोल भेगा लागल्या, पृथ्वीच्या पोटातून उष्णता लागली, लोह व सेंद्रिय कार्बन असलेले मातकट थर लागले. राजुरा-कोरपन्याचे थर बरेचसे जसे साचले तसेच शांत राहिले आहेत. सिमेंटला असाच शांत, एकसारखा खडक हवा असतो. सोन्याला मोडलेला, भाजलेला खडक मानवतो. त्याच चुनखडकाच्या थरांत पलीकडे आदिलाबादकडे मँगनीज आहे, ते समुद्रतळाशी साचलेले.

विदर्भातल्या सोन्याची खरी पाऊलखूण साकोली पट्ट्यात आहे. भंडारा जिल्ह्यात किटाडी-मरुपार आणि नागपूर जिल्ह्यात पुलार-परसोडी येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोन्याच्या खुणा नोंदवल्या आहेत. येथे मूळ गाळ दाबला गेला, वळला, तापला; त्यातून सुटलेले पाणी भेगांत शिरले आणि गारगोटीच्या शिरा झाल्या. म्हणजे यजमान खडक गाळाचा, पण सोन्याची चाल कार्लिनहून निराळी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासनाचे तांबे वेगळ्याच घरातले. तेथे तांब्याचे माक्षिक ग्रॅनाइटच्या भरडलेल्या पट्ट्यात आहे, जोडीला लोहाचे चुंबकीय खनिज आणि हिरवे क्लोराइट, आणि तांब्यासोबत सोन्याचा अंश. असे सोने स्वतंत्र खाणीचे नसते. तांबे काढले तर ते मागाहून हाती येते.

देशात गाळाच्या खडकातील सोन्याचे ठळक उदाहरण हवे असेल, तर आपल्यापैकी पुष्कळांच्या मूळ प्रांतात, राजस्थानात जावे लागेल. बांसवाडा जिल्ह्यातील भूकिया येथे सोने संगमरवरी थरांत आहे, आर्सेनिक आणि लोहाच्या गंधकी खनिजांसह. चांदीसाठी तर राजस्थानच. उदयपूरजवळच्या जावर येथे डोलोमाइट या चुनखडकाच्या भावंडात शिसे आणि जस्त आहे, आणि चांदी शिशाच्या खनिजात लपलेली आहे. जस्त गाळण्याच्या जुन्या मातीच्या नळ्या तिथल्या घरांच्या भिंतींत विटांसारख्या बसवलेल्या आजही दिसतात. आपल्या दुकानात येणारी देशी खाणीची नवी चांदी बहुतांशी राजस्थानच्या शिसे-जस्ताच्या पाठोपाठच येते. गाळाच्या खडकात सोने आर्सेनिकचा हात धरते, चांदी शिशाचा.

आता हिशेबाकडे येऊ, कारण व्यापाऱ्याला तोच कळतो. समजा एखाद्या ठिकाणी एक टन खडकात २ ग्रॅम सोने आहे. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. म्हणजे एका तोळ्यासाठी सुमारे ६ टन खडक फोडावा, दळावा, धुवावा लागेल, आणि तोही सर्व सोने हाती आले असे धरून. ते तसे येत नाही. सोने मोकळ्या कणांत असेल तर बरेच येते. माक्षिकाच्या पोटात असेल तर आधी ते भाजावे किंवा दाबाखाली कुजवावे लागते, नाहीतर सायनाइडचे द्रावण सोन्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून टनामागे किती ग्रॅम हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा, ते कोणत्या खनिजात आहे, हा. आणि जाहिरातीत तो बहुधा नसतो. कर्नाटकातील कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २००१ साली बंद झाली, तेव्हा खाली सोने संपले नव्हते. ते काढण्याचा खर्च भागत नव्हता.

‘साठा’ या शब्दाकडेही थांबून पाहावे. सरकारी नियमांत शोधाच्या चार पायऱ्या आहेत: जी-४ म्हणजे आवीक्षण, जी-३ प्राथमिक शोध, जी-२ सामान्य आणि जी-१ सविस्तर. पहिल्या पायरीवर नकाशा, मातीचे नमुने आणि मोजके खंदक असतात. शेवटच्या पायरीपर्यंत हिऱ्याच्या दातांच्या यंत्राने जागोजागी छिद्रे पाडून दगडाचा गाभा काढलेला असतो, त्याची उभी चीर करून अर्धा प्रयोगशाळेत गेलेला असतो आणि अर्धा पेटीत क्रमाने जपलेला असतो. वर्तमानपत्रात चारही पायऱ्यांना ‘सोने सापडले’ हाच मथळा मिळतो. कुणी समभाग किंवा भागीदारी घेऊन आला तर पहिला प्रश्न पायरीचा विचारावा, दुसरा खनिजाचा, आणि उत्तर कागदावर मागावे. जमिनीचा सट्टा करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, २०१५ पासून अशा खनिजांचे पट्टे लिलावाने दिले जातात. वर शेत आपले असले म्हणून खाणीचा परवाना आपल्या हाती येत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते, ती हे जंगल आणि त्यात राहणारी माणसे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. आज अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपानाचा व्यवहार स्वतः करतात. सुरजागडच्या लोखंडात टनामागे निम्म्याहून अधिक धातू हाती लागतो, तरीही तिथल्या रस्त्यांवर, पाण्यावर आणि गावकऱ्यांवर त्याचा भार पडल्यावाचून राहिला नाही. सोन्याच्या खाणीत खडकाचा जवळजवळ सगळा भाग चुऱ्याच्या रूपाने मागे उरतो. त्या चुऱ्यात आर्सेनिकचे माक्षिक असेल तर हवा-पाणी लागून ते कुजते, आम्ल सुटते आणि आर्सेनिक मोकळे होते. मग ते बांध घालून, अस्तर घालून, खाण बंद झाल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या राखावे लागते. या जिल्ह्यांतले बहुतेक नाले वैनगंगेला किंवा वर्धेला मिळतात. त्या दोघी एकत्र येऊन प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी ती गोदावरीत उतरते.