फुटके भांडे आणि मालकाचे कर्तव्य

उपाहारगृहात, चित्रपटगृहात किंवा मंगल कार्यालयात स्वच्छतागृहातील फुटक्या भांड्यामुळे कोणी जखमी झाले, की मालक हळहळ व्यक्त करतो, मलमपट्टीचा खर्च देऊ करतो आणि प्रकरण तेथेच मिटवू पाहतो. जखमी मनुष्याने याउपर नुकसानभरपाईचा दावा लावला, तर लोक त्यालाच लोभी ठरवितात. एवढ्याशा गोष्टीसाठी न्यायालयाची पायरी कशाला चढावयाची, असा शहाण्यांचा सवाल असतो. ही गोष्ट एवढीशी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चिनी मातीचे भांडे फुटले की त्याच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. कमोड बसल्या जागी दुभंगला किंवा भिंतीवरील बेसिन खिळखिळ्या आधारावरून निखळले, तर मोठी रक्तवाहिनी तुटून माणूस प्राणासही मुकू शकतो. तडा पुष्कळदा आधीच पडलेला असतो. रोज साफसफाई करणाऱ्यास तो दिसतो. अडते ते नव्या भांड्याच्या खर्चापाशी.

कायद्याचा दंडक मात्र जुना आहे. व्यवहारानिमित्त आपल्या जागेत येणाऱ्यास, ज्या असाधारण धोक्याची मालकास जाणीव आहे किंवा असावयास हवी, त्यापासून वाचविण्याची वाजवी काळजी त्याने घेतली पाहिजे, हे तत्त्व इंग्लंडातील न्यायालयाने १८६६ साली सांगितले. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा १९५१ साली कोसळून माणसे दगावली, तेव्हा दोष वरून दिसण्याजोगा नव्हता, असा बचाव तेथील पालिकेने केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली तो अमान्य केला. दोष उघड असो वा सुप्त, रस्त्यालगतच्या इमारतीची निगा राखण्याची जबाबदारी मालकास टाळता येत नाही, हा त्या निकालाचा आशय. रस्त्याने जाणाऱ्याविषयी हा न्याय असेल, तर पैसे मोजून आत आलेल्या गिऱ्हाइकाविषयी तो अधिकच लागू व्हावयास नको काय?

त्या निकालास पंधरा वर्षे लागली, हेही विसरून चालणार नाही. आता ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्यान्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी पावती, जागेचे छायाचित्र आणि डॉक्टरांचा दाखला जपून ठेवणे अगत्याचे आहे.

गिऱ्हाइकासही जबाबदारी आहेच. कमोडवर पाय ठेवून उकिडवे बसणाऱ्याने भांडे मोडल्यास दोषाचा वाटा त्याच्याही पदरी पडेल. परंतु त्या सबबीआड आधीच तडकलेले भांडे वापरात ठेवणाऱ्या मालकास लपता येणार नाही. तडा दिसताच दारास कुलूप लावावे, दुरुस्ती होईपर्यंत ते उघडू नये आणि तपासणीची तारीखवार नोंद ठेवावी. याहून अधिक कोणी मागत नाही. एवढेही ज्यास जड वाटते, त्याच्यावर दावा लावणारा मनुष्य लोभी नव्हे. पुढच्या गिऱ्हाइकाचा तो उपकारकर्ताच होय.